पाळण्यातली मोहरीची उशी आधी काढा

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, आज अठरा दिवस झाले. बाळंतपणाला ती माहेरी, सोलापुरात आहे. परवा बाळ बघायला गेले तर खिडकी लावलेली, पंखा बंद. बाळाच्या अंगात झबलं, त्यावर लोकरीचा स्वेटर, डोक्याला टोपडं, टोपड्यावर कुंची, हातापायांत मोजे आणि वर गोधडी. मानेमागे हात घातला तर माझी बोटं ओली झाली. गळ्याच्या वळीत लालभडक घामोळं. मे महिना, सोलापूर!

विचारलं तर आईने मोबाइल पुढे केला. आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता: बाळाचं अंथरूण आणि रात्रीचे कपडे, जुन्या जाणत्यांचे सात नियम. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोघींकडून आला, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणार. नियम असे. मऊ गादीवर पालथं झोपवा, दूध घशात अडकत नाही. डोक्याखाली मोहरीची उशी ठेवा, डोकं गोल होतं. पाय सरळ करून घट्ट बांधा, नाहीतर फेंगडे राहतात. टोपी-मोजे चोवीस तास. नवे कपडे नकोत, ट्रंकेतले जुने काढून तसेच घाला. गळ्यात काळा दोरा बांधा. मच्छरदाणी लावा.

मच्छरदाणीचा नियम बरोबर आहे, तो पाळा. बाकीच्यांबद्दल बोलायचंय, आणि सगळ्यात आधी पालथं झोपवण्याबद्दल, कारण त्यात बाळ जातं.

दूध घशात अडकेल ही भीती मी समजू शकते, पहिल्या खेपेला मलाही रात्र रात्र झोप नव्हती. पण आत रचना कशी आहे ते बघा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटून आलेलं दूध उताराने अन्ननलिकेतच परत जातं, श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. बाळ पालथं केलं की श्वासनलिका खाली येते. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण बाळ पालथं घालतो, ती पालथ्यावरच जास्त खरी आहे. त्यात गादी मऊ. तीन आठवड्यांच्या बाळाला मान उचलून बाजूला करता येत नाही. नाक गादीत रुतलं की स्वतःच सोडलेली हवा ते पुन्हा पुन्हा ओढत राहतं. शेजारी झोपलेल्या आईला कळेल असा आवाजही होत नाही.

आत्याचं म्हणणं, तुम्हा सगळ्यांना मी पालथंच झोपवलं, काय झालं? आत्या, आम्ही जगलो म्हणून तुझ्यासमोर बसून जेवतोय. जी जगली नाहीत त्यांच्याबद्दल त्या काळी 'रात्री झोपेत गेलं' एवढंच म्हणत. आणि ही चूक फक्त आपल्या घरांतली नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांतून डॉक्टर मंडळी १९४० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं हाच सल्ला देत होती. लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सगळा इतिहास तपासून २००५ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजीमध्ये मांडला. पालथं झोपवण्याचा धोका दाखवणारा पुरावा १९७० पर्यंत हाताशी आला होता. तो तेव्हाच नीट एकत्र करून वाचला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० बाळं वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे इंग्लंडने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम काढली आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. औषध नाही, यंत्र नाही, बाळ फक्त उताणं केलं.

तेव्हा दुपारी नाही, रात्री नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. पोटावर घालायचंच तर बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर बसलेल्या असताना घाला. त्याने मान, खांदे बळकट होतात, एवढं मान्य. झोपायला सपाट, कडक गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर. लोड, तक्क्या, मऊ खेळणी, सैल गोधडी यातलं काही पाळण्यात नको. घडी घालून घट्ट शिवलेली पातळ वाकळ खाली चालेल, अंगावर सैल नको.

आता मोहरीची उशी. आईने मलमलीच्या पिशवीत पाव किलो मोहरी भरून ती स्वतः शिवली होती, प्रेमाने. मी उचलली तर एका कोपऱ्याची शिवण उसवलेली आणि चादरीवर बाळाच्या गालाशी तीन दाणे. हा दाणा नाकात जाऊ शकतो. आणि दाणे राहू द्या, उशी कुठलीही असो, तिच्यामुळे बाळाची हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट चिंचोळी होते. डोकं गोल करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी अन्न-औषध खात्याने, नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय. डोकं एका बाजूने चपटं दिसत असेल तर रोज झोपवताना तोंडाची दिशा बदला, एक दिवस खिडकीकडे, एक दिवस भिंतीकडे. बाळ बसायला लागलं की बहुतेकांचं डोकं आपोआप भरून येतं.

जुन्या कपड्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. दहा वेळा धुतलेल्या सुती साडीचं दुपटं कुठल्याही नव्या कोऱ्या कपड्यापेक्षा मऊ असतं. पण 'ट्रंकेतून काढून तसेच घाला' हे भयंकर आहे. ट्रंकेत डांबरगोळ्या असतात, त्या म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एंझाइम कमी असतं, मुलग्यांत जास्त. आपल्याकडे पारशी आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण मोठं आहे. अशा बाळाच्या अंगाला त्या गोळ्यांचे कपडे लागले की लाल पेशी फुटतात आणि कावीळ इतकी चढते की मेंदूला इजा होऊ शकते. तेल लावलेल्या अंगातून तर नॅफ्थलीन आणखी शिरतं, आणि आपल्याकडे रोज मालिश असते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बहुतेक घरांना ठाऊकच नसतं. म्हणून डांबरगोळ्यांचा वास येणारा कपडा बाळाजवळ आणूच नका. बाकीचे जुने कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घाला.

टोपी-मोज्यांचंही तसंच. जन्मल्यावर पहिले काही तास, कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ, महाबळेश्वरची थंडी, तिथे टोपी हवीच. गारठून बाळं दगावतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची जी काळजी घेतली, तिच्यात बाळ उबदार ठेवणं हा मोठा भाग होता. पण तीन किलोच्या बाळाला सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वेटर? बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकतं, ती वाट तुम्ही दोन कपड्यांनी बंद करता. आणि अति तापलेल्या बाळाला झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढतो. आपल्या अंगावर आहे त्यापेक्षा फार तर एक कपडा जास्त. शंका आली तर पोटाला आणि पावलांना हात लावा. पोट उबदार आणि पावलं गार असतील तर कपडा वाढवा, मानेमागे घाम असेल तर उतरवा. पोटही गार लागलं तर बाळ छातीशी धरा आणि दवाखाना गाठा.

पाय घट्ट बांधण्याबद्दल एवढंच सांगते. जपानने १९७५ च्या सुमारास आजीबाईंना समजावून ही पद्धत सोडवली, आणि खुबा निखळलेल्या मुलांचं प्रमाण एकदम खाली आलं. पोटात दुमडून राहिलेले पाय वाकडे दिसणारच, ते वाढीबरोबर सरळ होतात. गुंडाळायचं तर मांड्या बेडकासारख्या फाकवता येतील इतकं सैल, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की तेही बंद. काळा दोरा गळ्यात नको, फास बसतो. बांधायचाच तर कमरेला करदोडा बांधा.

काल रात्री बहिणीचा फोटो आला. पातळ बिनबाह्यांचं झबलं, लंगोट, मच्छरदाणी, बाळ उताणं, दोन्ही मुठी कानांशी. आत्याला मी फोन केला होता. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तो मेसेज मी काढून टाकू का गं?" आता तो काढता येत नाही, मुदत उलटून गेली. म्हणून तिनेच सांगितलंय, हे लिही, मी त्याच ग्रुपवर टाकते.