चुना

"काय ओ सर, गाडीला चुना लावलासा?"

आप्पांचा हा प्रश्न ऐकून आज चौथा दिवस. अजून तो घशाखाली उतरलेला नाही. कारण आप्पांना माहीत नसलं तरी वाक्य अर्धं बरोबर होतं. चुना लागला होता, फक्त गाडीला नव्हे.

मिरजेला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. पाहुण्यांत गाडी जरा बरी दिसावी म्हणून वॉशिंगला दिली. तिथल्या पोरानं विचारलं, "सर, वॅक्स मारू का? तीनशे होतील." मी हो म्हणालो. पोरानं अगदी मनापासून वॅक्स फासलं. पत्रा आणि प्लॅस्टिक असा भेदभाव केला नाही. संध्याकाळपर्यंत पत्रा आरशासारखा झाला आणि बंपरची खालची बाजू, चाकांवरच्या काळ्या पट्ट्या, आरशांची बुडं, सगळीकडे पांढरे फराटे उमटले. काळ्या शर्टावर पाठीचा घाम वाळला की उमटतात तसे. लग्नात एका व्याह्यांनी "रंगकाम चालू असलेल्या बिल्डिंगखाली लावता वाटतं" असं म्हणून मला पान दिलं.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "पावसात जाईल की सर."

आता, वॅक्स लावतात ते पाणी टिकू नये म्हणूनच. ते पावसानं जाणार असेल तर मी तीनशे रुपये कशाचे दिले? आणि खरंच वॅक्स असेल तर पावसानं जाईल कसं? हे त्याला शांतपणे समजावून सांगितलं. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "मग उन्हात जाईल."

तर रविवारी सकाळी जुना टूथब्रश आणि बादली घेऊन मी बंपरसमोर उकिडवा बसलो होतो, आणि समोरच्या फाटकात खुर्ची टाकून आप्पा. आप्पांनी सांगलीच्या हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं काढली आहेत. ते बघायला लागले की आपण सौद्यात मांडलेली हळद आहोत असं वाटतं.

"चुना नाही आप्पा, वॅक्स आहे."

"म्हंजे मेण?"

"हो. ब्राझीलमध्ये एक ताडासारखं झाड असतं, त्याच्या पानांवरचं. कार्नोबा म्हणतात."

"ब्राझीलवरनं आणून लावलंय?"

"हो."

"आणि आता काढायलाय?"

"हो."

"मग लावलं कशाला?"

मी ब्रश जोरात चालवला.

"मेण हाय न्हवं? मग गरम पाणी वता की."

मी सांगितलं की हे मेण वितळायला 82 ते 86 अंश लागतात, आमचा गिझर साठावर दमतो. शिवाय नुसतं मेण नाही. हल्लीच्या पॉलिश-वॅक्समध्ये घासायची बारीक भुकटीही असते. गुळगुळीत रंगावरनं ती फडक्यानं निघून येते. पण हे प्लॅस्टिक खडबडीत, मुद्दाम चामड्यासारखं पोत दिलेलं. भुकटी त्या खाचांत जाऊन बसते, ओलं असताना दिसत नाही आणि वाळलं की पांढरी पडते.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"पांढरी भुकटी. म्हंजे चुनाच की."

मग थांबले आणि ज्याची मला भीती होती तेच म्हणाले, "सर, तुम्ही केमिस्ट्रीच शिकवता न्हवं?"

चोवीस वर्षं शिकवतो. दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो की सारख्यात सारखं विरघळतं; तेलकटाला तेलकट, पाणचटाला पाणी. आणि त्या क्षणी माझ्या बादलीत होतं साधं नळाचं पाणी. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रविवारी सकाळी उपाशीपोटी आठवणं वेगळं. मी विषय बदलायला म्हणालो, "या वॉशिंग सेंटरांचं नुसतं पेव फुटलंय सांगलीत."

ही दुसरी चूक. पेव हा शब्द आप्पांसमोर उगाच काढू नये. पेव म्हणजे काय, ते हरिपूरला जमिनीत कसं खणायचे, त्यात हळद कशी वर्षानुवर्षं बिनकिडकी राहायची, आणि 2005 च्या पुरात पाणी शिरून पेवांची कशी वाट लागली, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. "पेव फुटणं म्हंजे काय ते आमी बघितलंय. ह्ये काय फुटणं?" माझे गुडघे बघायला मात्र कुणी नव्हतं.

उठताना सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "शेंगदाण्याचं कूट लावा. हाताला फणसाचा चीक लागला की आमची म्हातारी तेलच लावायची."

मला हसू आलं आणि पुढच्या सेकंदाला गेलं. कुटात तेल आहे, ते मेण सैल करणार. कुटाचा रवाळपणा खाचांतली भुकटी उकरणार, प्लॅस्टिकला ओरखडा न काढता. म्हणजे फळ्यावरचं माझंच वाक्य, हळद पेठेतून फिरून आलेलं.

स्वयंपाकघरातून वाटीभर कूट मागितलं. "कशाला?" "बंपरला." बायकोनं वाटी दिली, पण ज्या नजरेनं दिली ती मी इथे लिहीत नाही. ब्रशनं कूट चोळलं, फडक्यानं पुसलं, मग भांड्यांचा साबण लावून धुतलं, आणि शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून (रीतसर विचारून) आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून एक हात फिरवला. निघालं. खरंच निघालं. तीन तास लागले.

आणि मग राग आला. कारण वॅक्स मारायच्या आधी काळ्या भागावर कागदी चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात. पण पाच मिनिटं त्याची, आणि तीन तास माझे. आमच्या घरातल्या प्रत्येक स्विचबोर्डावर रंगाऱ्याची सही आहे. बाथरूमच्या फरशीवर प्लंबरचं सिमेंट नऊ वर्षं तसंच आहे. विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, "चालतंय की." चालतंय, कारण पुढे ते चालवून घेणारा मी आहे. आणि हे त्या पोराला सुनवायचं म्हणून परवा मुद्दाम गेलो, तर त्यानं हसून विचारलं, "सर, गेलं न्हवं पावसात?" सोमवारी नेमकी एक सर येऊन गेली होती. मी काय बोलणार?

आज सकाळी कॉलेजला निघालो, तर फाटकातून आवाज आला.

"सर, गाडीला गिऱ्हाईक आलंय."

खाली वाकून बघितलं. पुढच्या डाव्या चाकावरच्या पट्टीच्या फटीत थोडं कूट राहिलं होतं. तिथपासून थेट आप्पांच्या फाटकापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.