सूत जुळेना

भांडुपला माझा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. ग्रिल, जाळ्या, आणि हल्ली ज्याला त्याला हवी असते ती चकचकीत स्टीलची रेलिंग. रेलिंगला आर्गन लागतं, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाने केलेलं वेल्डिंग. पुस्तकात त्याला टिग वेल्डिंग म्हणतात, पण आमच्या गल्लीत टिग म्हटलं तर लोक विचारतील, कोण तो? कुठल्या गाळ्यातला?

तर मुलुंडच्या एका काकूंच्या बाल्कनीचं काम चालू होतं. रविवारी वास्तुशांत. आणि गुरुवारी आर्गनच्या टॉर्चची, म्हणजे हातात धरून टांका मारायच्या दांड्याची, केबल मशीनकडच्या टोकाला जळाली. बायको, जी गाळ्याचा हिशेब बघते, ती म्हणाली, "अहो, अख्खा सेटच आणा." मी म्हटलं, "अगं, टॉर्च ठणठणीत आहे. फक्त केबल बदलू."

या 'फक्त'ने मला दोन दिवसांत तीनदा मस्जिद स्टेशनला उतरवलं.

नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टपासून बेअरिंगपर्यंत जगातलं सगळं मिळतं, फक्त आपल्याला हवं ते पुढच्या दुकानात असतं. मी खिशातून जळका तुकडा काढायच्या आत काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बैठ जाएगा." त्याने अजून तुकडा पाहिलाच नव्हता. मीही भोळा. घेतली केबल.

घरी येऊन पाहतो तर प्लग ९ एमएमच्या पिनेचा आणि मशीनचं सॉकेट १३ एमएमच्या पिनेचं. हा प्लग खोबणीत घालून पीळ देऊन आवळायचा असतो. आमचा आत गेला आणि वडिलांचा सदरा घातलेल्या पोरासारखा नुसता डुलत राहिला. मिस्त्री म्हणाला, "शेठ, पत्र्याची पट्टी गुंडाळू का? बसेल." दीडशे अँपिअर जाणार होते त्यातून. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

दुसऱ्या फेरीत जाड प्लगवाला ॲडॉप्टर आणला. आता केबलच्या टोकाचा नट त्याच्यावर चढवायचा, की संपलं. नट चढला. एक फेरा, दुसरा फेरा, अगदी लोण्यासारखा. तिसऱ्या फेऱ्याला जड झाला. मी पाना लावला. मिस्त्रीने पान्याला पाइप लावला. नट तिथेच. आतून पितळेची बारीक कीस मात्र पडली.

मग मापाचा व्हर्नियर लावला तेव्हा कळलं. ॲडॉप्टर पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे १५.८८ एमएम. नट १६ एमएमचा. फरक केसाएवढा, म्हणून तर दोन फेरे फसवून घेतले. पण इंचाच्या आट्यांत एका इंचाला १८ आटे, म्हणजे एक आटा साधारण १.४१ एमएमचा, आणि आमच्या नटाचा आटा दीड एमएमचा. प्रत्येक फेऱ्याला दोघं थोडे थोडे दुरावत जातात आणि तिसऱ्या फेऱ्याला अबोला धरतात. आमच्याकडे एका सुताने वाकडं आलं म्हणून अख्खा दरवाजा परत करतात. इथे पाच सुतं असून सूत जुळेना.

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो, तो 'जरा सरका' एवढंच म्हणतो आणि सगळे सरकतात. आटे सरकत नाहीत.

तसं न जुळणं कधी चांगलंही असतं. गॅस कटिंगच्या ॲसिटिलीनचे आटे मुद्दाम उलटे काढलेले असतात आणि त्या नटावर खाच असते, ऑक्सिजनची नळी चुकून तिथे लागू नये म्हणून. तिथे मी हात जोडतो. पण आर्गन बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात! त्याला कशाला ही पीडा?

विजेबरोबर आर्गनही याच केबलमधून जातो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप लावून पाहिला. साबणाचं पाणी सोडलं तर असे बुडबुडे, की शेजारच्या गाळ्यातलं पोर टाळ्या वाजवायला लागलं. आर्गन असा वाटेतच गळला की टांका काळा पडतो, भोकं पडतात. काकूंच्या चकचकीत रेलिंगला देवीचे व्रण.

एवढ्यात मिस्त्रीने टॉर्चच्या तोंडाशी टंगस्टनची कांडी धरणारे कोलेटही बदलायला काढले. इथे मात्र देव पावला. टॉर्च २६ नंबरचा, आणि १७, १८, २६ या तिघांना एकच कोलेट चालतात. अगदी सख्ख्या भावांसारखे. दुकानदाराने ९ नंबरचे दिले होते, ही गोष्ट वेगळी. तिसरी फेरी त्यापायी.

शेजारच्या मिगवाल्याकडे (मिग म्हणजे तारेचं वेल्डिंग) रडायला गेलो तर तो माझ्याआधी रडत होता. त्याचा टॉर्च ३६ नंबरचा, ८ एमएम आट्याच्या टिपचा, आणि त्याला कोणीतरी २५ नंबरच्या ६ एमएमच्या टिपा पन्नास दिल्या होत्या. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच असावा.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायच्या गेजची एक-एक पात लावली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, एक इंग्रज आणि एक फ्रेंच आणलास. मध्ये दुभाषी पाहिजे." पितळेचा तुकडा लेथवर धरला. एका बाजूला बाहेरून दीड पिचचा सोळा एमएम, दुसऱ्या बाजूला आतून पाच सूत. अर्ध्या तासात दुभाषी तयार. पैसे केबलएवढे. बायकोला मी अजून आकडा सांगितलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी सगळं जोडलं. नट शेवटपर्यंत गेला. साबणाचं पाणी शांत. काकूंचा फोन आला, "दादा, उद्या लहान मुलं येणार आहेत हो, बाल्कनी उघडी नको." म्हटलं, "काकू, आत्ता निघतोच."

टॉर्च उचलला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग केबलच्या कडेने आलेली ती बारीक वायर दिसली, बटणाची, टोकाला अजून प्लास्टिकची पिशवी. तिच्याकडे तीन दिवस कोणी बघितलंच नव्हतं. पिशवी फाडली. पिन दोन. मशीनकडे वळून पाहिलं. भोकं पाच.

मिस्त्री वाकून बराच वेळ बघत राहिला.

"बसेल," तो म्हणाला.