काचा स्वच्छ आहेत

जुनी मॅक्रो (अगदी जवळून छायाचित्रे टिपणारी) लेन्स विकणारे गृहस्थ तिच्याविषयी ‘काचा स्वच्छ आहेत’ एवढेच म्हणाले होते, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता मी घरी येताच दिवे मालवून, मागच्या बाजूने टॉर्च मारून ती पारखावयास घेतली. टॉर्चच्या उजेडात कोणतीही जुनी लेन्स शेवटच्या घटका मोजताना दिसते. आतले चारदोन धूलिकण छायाचित्रात उमटत नाहीत हे मला ठाऊक होते. परंतु कडेला दिसलेला पांढरा तंतू बुरशीचा की पुसायच्या फडक्याचा, या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ गेली. (फुंकर घालताच तो उडाला.) ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत येण्याचे भोक लहानमोठे करणाऱ्या, पात्यांवर तेल नव्हते, आणि फोकसची रिंग इतकी मुलायम फिरत होती की बराच वेळ मी काहीही न टिपता नुसता ती फिरवीत बसलो.

नंतर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवले. ५५ मिलिमीटरची ही लेन्स वस्तूची निम्म्या आकाराची प्रतिमा देते, आणि तितक्या जवळून, एफ २.८ वर, म्हणजे ते भोक मोठे उघडलेले असताना, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. चौकटीची डावी बाजू पुसट आली. लेन्स परत करण्याचे पत्र मनात तयार झाले, तेही फार सुरेख भाषेत. मग सुचले की कॅमेरा उलटा करून तोच मजकूर टिपावा. दोष लेन्सचा असेल, तर पुसटपणा मजकुराच्या उजव्या बाजूस जाईल. ट्रायपॉडची मधली दांडी उलटी बसवून मी कॅमेरा वटवाघळासारखा लोंबकळवला आणि स्वतः जमिनीवर आडवा झालो. “बाबा, बातमी सरळ करून वाचली तर चालणार नाही का?” असे मुलीने विचारले. पुसटपणा जागचा हलला नाही. शेवटी भिंतीला आरसा टेकवला, तेव्हा लेन्सचे प्रतिबिंब मध्यभागी येण्याऐवजी एका कडेला, अपराध्यासारखे उभे असलेले दिसले; म्हणजे कॅमेराच तिरका होता. तो सरळ केल्यावर कागदाचे तंतूसुद्धा मोजता येऊ लागले.

मुंगीपुढे मात्र आरसा धरता येत नाही. रिंग एका जागी ठेवून आपणच मागेपुढे झुलायचे, हा तिथला रिवाज. श्वास घेतला की मुंगीचे डोके स्पष्ट, सोडला की पोट. ४० छायाचित्रांपैकी एकच लखलखीत आले, आणि त्यात मुंगी पाठमोरी, चौकटीबाहेर निघालेली आहे. विकणाऱ्या गृहस्थांना मी कळवले आहे, की काचा स्वच्छ आहेत.