आंद्रे थ्री थाउजंड यांच्या बासरीच्या अल्बमविषयी खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील संगीतप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे: अमेरिकन रॅपर आंद्रे थ्री थाउजंड यांनी रॅप कायमचा सोडून भारतीय बासरीचा अल्बम काढला आणि त्याला ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांतील वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. यातील बासरी तेवढी खरी आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘न्यू ब्लू सन’ या अल्बममध्ये रॅप अजिबात नाही, मात्र त्यात बांबूच्या बासऱ्यांबरोबर मायन (मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीच्या) बासऱ्या आणि डिजिटल सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्येही असल्याने त्याला भारतीय बासरीचा अल्बम म्हणता येत नाही. बारा मिनिटांहून लांब असलेल्या पहिल्याच रचनेच्या शीर्षकात, आपल्याला खरोखर रॅप अल्बमच करायचा होता, पण या वेळी वाऱ्याने इकडे नेले, असे ते सांगतात. ही संन्यासाची भाषा नव्हे. त्याच वर्षी रॅपर किलर माइक यांच्या गाण्यात त्यांनी रॅप केला होता आणि त्या गाण्याला फेब्रुवारी 2024 मध्ये रॅप विभागातील ग्रॅमीही मिळाले.

पुरस्काराबाबत ग्रॅमीची अधिकृत यादी स्पष्ट आहे. 2025 मध्ये ‘न्यू ब्लू सन’ला केवळ नामांकन होते, पुरस्कार बियॉन्से यांच्या ‘काउबॉय कार्टर’ला मिळाला. आंद्रे यांना हा सन्मान 2004 मध्ये, बिग बॉय यांच्यासह ‘आउटकास्ट’ या जोडीच्या अल्बमसाठी मिळाला होता, ज्यात रॅपसोबत फंक, जॅझ आणि पॉप बिनदिक्कत मिसळलेले आहेत.

सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या भागाला अशा वळणाचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तरीही मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.