इटलीची ‘खालची’ हॉकी लीग ऑलिंपिकसाठी काढलेली नाही

मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने आइस हॉकीवरचा एक मजकूर भरपूर फॉरवर्ड झाला. त्याचा सारांश असा: इटलीत हा खेळ नावापुरताच होता. ऑलिंपिकचं यजमानपद मिळालं म्हणून २०१७ मध्ये ‘इटालियन हॉकी लीग’ नावाची नवी लीग काढली. तिच्यातले सगळे संघ ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या जर्मनभाषक गावांचे आणि खेळाडू कॅनडातून आणलेले. ही लीग जिंकणारा संघ इटलीचा विजेता ठरतो आणि आपोआप वरच्या लीगमध्ये जातो.

प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणून वाचणाऱ्याला ते पटतं. पण एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

“ऑलिंपिक मिळालं म्हणून लीग काढली”

हे खोडायला कॅलेंडर पुरेसं आहे. इटालियन हॉकी लीग हे नाव २०१७-१८ च्या मोसमात आलं. ऑलिंपिक समितीने २०२६ चं यजमानपद मिलान-कोर्तिनाला दिलं २४ जून २०१९ रोजी, लोझानमध्ये, स्टॉकहोमला ४७ विरुद्ध ३४ मतांनी मागे टाकून. २०१८ च्या उन्हाळ्यात तर इटलीकडून कोणतं शहर पुढे करायचं यावरच मिलान, तोरिनो आणि कोर्तिना यांच्यात ओढाताण चालू होती. जे यजमानपद अजून मागितलंही नव्हतं, त्यासाठी दोन वर्षं आधी लीग काढायला कुणाला दिव्यदृष्टी असावी लागते.

राहिलं ‘नावापुरतं’. मिलानमधल्या पिरानेसी रस्त्यावरचा बर्फाचा महाल, पालाझ्झो देल गियाच्चो, १९२३ मध्ये उघडला. पुढच्याच वर्षी तिथे हॉकी क्लब मिलानो उभा राहिला आणि १९२४-२५ चं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यानेच घेतलं. या सगळ्यामागे होते काउंट आल्बेर्तो बोनाकोस्सा. ते स्वतः स्केटर होते, १९२० च्या ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले होते आणि पुढे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या गुलाबी कागदाच्या क्रीडा दैनिकाचे मालक झाले. १९३४ ची जागतिक स्पर्धा मिलानमध्ये झाली. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये इटलीने अमेरिकेला २-१ असं हरवलं. १९५६ चं ऑलिंपिक कोर्तिनात झालं आणि सोव्हिएत संघाने हॉकीतलं आपलं पहिलं सुवर्ण तिथल्याच बर्फावर जिंकलं. १९९४ ची जागतिक स्पर्धाही इटलीतच, बोल्त्सानो, कानात्सेई आणि मिलान इथे.

ऑलिंपिकमुळे लीग उभ्या राहतात, हे गृहीतकही तपासून बघा. २००६ चं हिवाळी ऑलिंपिक तोरिनोत झालं. आज इटलीतून बाहेर जाऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांत तोरिनोचा एकही नाही. ऑलिंपिकचा फायदा मिळाला तो तोरिनोला नव्हे, जवळच्या डोंगरातल्या तोर्रे पेल्लीचेला. सरावासाठी बांधलेली रिंक तिथे मागे राहिली. पण हॉकी तिथे त्याच्याही सत्तर वर्षं आधीपासून, १९३४ पासून खेळली जातेय.

“ही नवी लीग आहे”

नाव नवं, बाकी जुनं. २०१२-१३ पर्यंत इटलीत दुसऱ्या पातळीला ‘सेरिए ए-टू’ म्हणत. ते बंद झाल्यावर ‘सेरिए बी’ आली आणि २०१७ मध्ये त्याच सेरिए बीवर ‘इटालियन हॉकी लीग’ ही पाटी लागली. महासंघाला पाट्या बदलण्याची हौस आहे, हे मान्य. वरच्या लीगचं नावही एका मोसमात ‘एलिते.ए’ होतं. पण पाटी बदलली म्हणून दुकान नवं होत नाही.

या बदलांमागचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे आणि फॉरवर्डमध्ये त्याचा मागमूस नाही. २०१३ मध्ये इटलीचा सर्वांत यशस्वी क्लब, १९ विजेतेपदांचा धनी हॉकी क्लब बोल्त्सानो, देशाची लीग सोडून ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये गेला आणि पहिल्याच मोसमात, २०१४ मध्ये, ती जिंकूनही बसला. २०१८ मध्ये पुन्हा जिंकली. मागे राहिलेल्यांनी पैसा, प्रेक्षक आणि तोडीचे प्रतिस्पर्धी आणायचे कुठून? तीन वर्षांत उत्तर निघालं. २०१६-१७ मध्ये इटली, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांची मिळून ‘आल्प्स हॉकी लीग’ सुरू झाली आणि इटलीची वरची लीग जवळपास आख्खीच तिच्यात गेली.

२०१४-१५ च्या सेरिए ए मध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, बारा संघ होते. त्यातले आठ आल्प्स लीगमध्ये गेले: आझियागो, कोर्तिना, एन्या, फास्सा, गार्देना, रेनोन, वाल पुस्तेरिया आणि विपितेनो. उरले चार: आप्पियानो, काल्दारो, मिलानो आणि वाल्पेल्लीचे. पहिले तीन खालच्या पातळीवर आले. तोर्रे पेल्लीचेचा वाल्पेल्लीचे क्लब २०१६ मध्ये गाशा गुंडाळून बसला आणि त्याच गावात वाल्पईगल या नावाचा नवा संघ खालच्या लीगमध्ये उतरला. म्हणजे ही लीग कुणी शून्यातून रचलेली नाही. वरचे सीमेपार गेल्यावर जे घरी राहिले, त्यांची ती आहे. म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट झाली: सगळे संघ इटलीचे आणि सगळे सामने इटलीतच, अशी देशातली सर्वांत वरची लीग २०१६ पासून हीच ‘दुसऱ्या पातळीची’ लीग आहे.

घरी राहिलेले संघ काही लिंबूटिंबू नव्हते. वारेझेने १९८७ आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलंय. मेरानोने १९८६ आणि १९९९ मध्ये. मिलानची कहाणी तर एका मालिकेला पुरेल. १९९१ मध्ये साइमा हा क्लब जिंकला. मग सिल्व्हियो बेर्लुस्कोनींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या डेव्हिल्सनी १९९२ ते १९९४ अशी तीन वर्षं ओळीने विजेतेपद घेतलं. पैसा आटला तसा तो डोलाराही गेला. मग व्हायपर्स आले, २००२ ते २००६ सलग पाच वेळा जिंकले आणि २००८ मध्ये बंद पडले. त्या राखेतून जो संघ उठला, पुढचा मिलानो रोस्सोब्लू, त्याने सुरुवात केली ती सेरिए ए-टू मधूनच. मोठे क्लब मोडतात तेव्हा शहरातली हॉकी या पातळीवर येऊन श्वास घेते. इटलीच्या खालच्या लीगचं खरं काम हेच राहिलंय आणि ते काम २०१७ च्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

“सगळे जर्मनभाषक”

यातला खरा कण मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. इटलीच्या हॉकीचा गुरुत्वमध्य ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या दक्षिण तिरोलमध्ये आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता, १९२० मध्ये इटलीने तो रीतसर जोडून घेतला. आप्पियानो आणि काल्दारो ही गावं आजही बहुतांशी जर्मन बोलतात आणि स्वतःला एप्पान आणि काल्टर्न म्हणवतात. ब्रेस्सानोनेचं ब्रिक्सेनही तसंच.

पण याच लीगमध्ये वारेझे आणि कोमो हे लोम्बार्दीतल्या तळ्याकाठच्या शहरांचे संघ खेळत आलेत. पेर्जिने आणि फियेम्मे दक्षिण तिरोलशेजारच्या त्रेन्तिनो प्रांताचे, इटालियन बोलणारे. आल्लेगे व्हेनेतोच्या बेल्लुनो भागातलं, जेमतेम हजार-बाराशे वस्तीचं. १७७१ मध्ये डोंगराचा कडा कोसळून नदी अडली आणि तिथे तळं तयार झालं, त्याच्या काठावर ते वसलंय. एवढ्याशा गावाच्या संघाने कित्येक दशकं सेरिए ए मध्ये काढली. तोर्रे पेल्लीचे तर पार फ्रान्सच्या बाजूला, वाल्डेन्सियन प्रोटेस्टंटांच्या खोऱ्यात. तिथे जर्मन शोधून सापडणार नाही.

दक्षिण तिरोललाही एका रंगात रंगवता येत नाही. राजधानी बोल्त्सानोत सुमारे पाऊण लोक इटालियनभाषक आहेत, मेरानोत जवळपास निम्मे-निम्मे. वर गेलेल्या संघांपैकी गार्देना हे लादिन भाषेचं खोरं आहे, ना धड जर्मन ना इटालियन; शेजारच्या त्रेन्तिनोतलं फास्साही तसंच. शिवाय जर्मन बोलणारा इटालियन नागरिक ‘इटालियन’ नाही, हे ठरवणार कोण? राष्ट्रीय संघाच्या निळ्या जर्सीत ही सगळी आडनावं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी खेळताहेत.

“खेळाडू कॅनडातून आणलेले”

इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केलीय. परदेशी खेळाडू असतात, तसे ते युरोपातल्या बहुतेक लीगमध्ये असतात, आणि खालच्या पातळीवर तर खर्चामुळेच त्यांची संख्या मर्यादित राहते. पण कॅनडा आणि इटलीचं नातं भाड्याच्या खेळाडूंपलीकडचं आहे. इटलीतून लाखो माणसं माँट्रियल, टोरांटोकडे गेली. त्यांची मुलं, नातवंडं हॉकी शिकली आणि त्यातली काही आजोबांच्या देशाचं नागरिकत्व घेऊन परत आली. इटलीत त्यांना ‘ओरियुंदी’ म्हणतात. त्यांच्याबद्दल तिथेही कुरकुर झालीय, ती आजची नाही.

त्यांनी दिलेलं काय, ते १९८२ मध्ये दिसलं. फिनलंडमधल्या जागतिक स्पर्धेत इटलीने अमेरिकेला ७-५ हरवलं आणि कॅनडाला ३-३ असं बरोबरीत रोखलं. गोलमध्ये होता माँट्रियलचा जिम कॉर्सी. त्याआधी तो एडमंटन ऑइलर्सकडून एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगचे, २६ सामने खेळला होता. इटलीत पुढे तो वारेझेकडून बरीच वर्षं खेळला, म्हणजे आज जो क्लब ‘खालच्या लीगचा’ म्हणून हिणवला जातो त्याच्याकडून. नंतर तो बफलो सेबर्सचा गोलरक्षक-प्रशिक्षक झाला. गोलच्या दिशेने झालेले सगळे फटके, अडलेले आणि चुकलेलेसुद्धा, मोजायची त्याची पद्धत पुढे आकडेवाल्यांनी उचलली. आज एनएचएलच्या कुठल्याही विश्लेषणात ‘कॉर्सी’ हा आकडा असतोच.

“जिंकणारा इटलीचा विजेता, आणि आपोआप वर”

दोन्ही चूक, आणि हे थोडक्यात आटपतं. इटलीचं विजेतेपद, स्कुदेत्तो, २०१६-१७ पासून आल्प्स लीगमध्ये खेळणाऱ्या इटालियन संघांमधून ठरू लागलं. खालच्या लीगचा करंडक वेगळा. आणि बोल्त्सानोसारखा बलाढ्य संघ सीमेपार गेला तेव्हा स्कुदेत्तोच्या शर्यतीतूनही बाहेर पडला. त्याचं एकोणिसावं विजेतेपद २०१२ चं, म्हणजे जाण्याआधीचं.

बढती-पदावनती ही फुटबॉलची सवय आहे. आल्प्स लीगमध्ये ती नाही. तिथे जायचं तर क्लबला स्वतः अर्ज करावा लागतो आणि देशाबाहेरचे प्रवास, रिंक, पगार हे सगळं पेलण्याची ऐपत असावी लागते. खालची लीग जिंकलात तरी खिशाला परवडत नसेल तर तिथेच राहता. मिलानो रोस्सोब्लूने २०१८ मध्ये ती उडी मारली आणि एकच मोसम टिकला. मेरानो २०२१ मध्ये गेला.

आणखी एक खबरदारी. या लीगच्या खालीही एक पातळी आहे, पूर्वीची सेरिए सी. महासंघाने तिचं नाव ठेवलंय ‘इटालियन हॉकी लीग डिव्हिजन वन’. तेव्हा इटलीचा एखादा संघ ‘डिव्हिजन वन’ मध्ये अव्वल आल्याची पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्यापूर्वी लक्षात घ्या, ती तिसरी पातळी आहे.