भिंतीवरच्या बाईच्या कपाळात खिळा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

सकाळी वहिनीला घेऊन आमच्या सरकारी दवाखान्यात गेले होते (कुठल्या तालुक्याच्या ते लिहीत नाही, लगेच फोन सुरू होतात). ओपीडीच्या बाजूला नातेवाईक बसतात तो लांबलचक पॅसेज. तिथल्या भिंतीवर मे महिन्यात ड्रॉइंगच्या मास्तरांनी आणि कॉलेजच्या पोरांनी चित्र काढलंय, भर सुट्टीत, घामाने निथळत. एका टोकाला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतायत, त्यात मासेमारी करणारे गाबीत आहेत, जाळीची टोपी घातलेले चाचा आहेत, मागे माडांतून चर्चचा क्रॉस दिसतो. मधे डोक्यावर पावसाची इरली घेऊन भाताचा तरवा लावणाऱ्या बायका, मग गणपती डोक्यावर घेऊन बांधावरून एकामागे एक चाललेली माणसं, आणि पार शेवटी दशावतारी नाटकातला काळाकुट्ट राक्षस, संकासुर. सगळ्यांचे डोळे मोठ्ठे, आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीत असतात तसे.

आणि आज त्याच्या बरोब्बर मधल्या बायकांपासून पार संकासुरापर्यंत फ्लेक्स. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. एक भला मोठा चेहरा आणि खाली हात जोडलेले चिल्लर चेहरे पंधरा. वरच्या बाजूला सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलाय आणि खाली खिळे ठोकलेत, त्यातला एक खिळा थेट इरलं घेतलेल्या बाईच्या कपाळात. वॉचमन म्हणतो, दोन दिवसांचा प्रश्न आहे ताई, वरून सांगितलंय. अरे दोन दिवसांनी फ्लेक्स जाईल, भोक जाणार आहे का?

मला का एवढं लागलं ते सांगते. बाबा अॅडमिट होते तेव्हा मी याच पॅसेजमध्ये नऊ रात्री काढल्यात. चटई, पाण्याची बाटली आणि समोर ही भिंत. तेव्हा तिच्यावर फक्त 'थुंकू नये' लिहिलेलं होतं आणि त्याच्याच खाली सगळे थुंकलेले. वर ओल आलेली, तिचा एक मोठा डाग. तिसऱ्या रात्री त्या डागाची मला होडी दिसायला लागली. मग मी तिला शीड दिलं, नाळ दिली, आत माणसं बसवली. हसू नका. रात्री अडीच वाजता आतून नर्स काय सांगायला येईल या भीतीत माणूस काहीही बघतो. कुठेतरी बघावं लागतं हो.

आता ग्रुपवरचे शहाणे. 'आधी सोनोग्राफीला डॉक्टर आणा, मग चित्रं काढा.' मान्य. डॉक्टर पाहिजेच, त्यासाठी मोर्चा काढा, मी पुढे येते. पण पोरांनी वर्गणी काढून आणलेल्या रंगाच्या डब्यांत डॉक्टर येत नाही एवढं तरी कळतं ना? आणि डॉक्टर आला म्हणून बाहेर बसणारे बसायचे थांबणार आहेत? यांच्यातल्या अर्ध्या लोकांनी त्या पॅसेजमध्ये एक रात्र काढलेली नाही, यांचं सगळं थेट प्रायव्हेटला नाहीतर कोल्हापूरला.

त्यातच एकाचं म्हणणं, वारली काढायचं होतं, सोप्पं झालं असतं. सोप्पं! डहाणू-पालघरकडे लग्नघरात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, तो त्यांचा देव आहे, आणि आम्ही ती माणसं पेट्रोलपंपापासून मुतारीपर्यंत सगळीकडे नाचवतोय. आमच्याकडे काय कमी आहे? पिंगुळीच्या ठाकरांनी चित्रांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्यात, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गातात, परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा स्टेटस ठेवले होते ना सगळ्यांनी? मग त्याच डोळ्यांच्या बायांवर खिळा ठोकताना हात कसा वर गेला?

जाऊदे. बीपी वाढतंय.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. वहिनीचा नंबर येईपर्यंत मी बसले होते, तर शेजारी एक म्हातारी. नवऱ्याला ताप, लावणीच्या चिखलातून आलेला, लेप्टोची तपासणी चाललेली, ती पहाटेपासून तिथेच. हातात पिशवी घट्ट धरलेली, कोणाशी बोलत नव्हती. फ्लेक्सच्या बाजूने चित्राचा जेवढा तुकडा दिसत होता तिकडे बघत होती. एकदम मला म्हणते, "गो बाय, ह्यो मासो खयचो?" मी म्हटलं बांगडा असेल. "बांगडो? मगे पाठीर ठिपके खय?" आणि जी सुरू झाली! रापणीत मासे किती यायचे, दोरीला हात लावणाऱ्या पोराटोरांनाही वाटा कसा मिळायचा, ती पाटी घेऊन किती गावं चालायची. वीस मिनिटं. मधे एकदा आतून कोणाचं तरी नाव पुकारलं, दचकली, तिचं नव्हतं, परत बांगड्यावर आली.

मला त्या नऊ रात्रींत असं कोणी बोलायला मिळालं नाही. माझ्या होडीचं मी कोणाला सांगणार? दहाव्या दिवशी सकाळी बाबांना गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, स्ट्रेचर याच भिंतीला घासत गेलं आणि तो डाग मी तेव्हाच शेवटचा बघितला. बाबा तिथून घरी आले नाहीत.

ओल परत येणार, माहितीये. आमच्या पावसात कुठला रंग टिकतो? दोन वर्षांत पापुद्रे सुटतील. सुटूदेत, परत काढू. पावसाने गेलं तर पावसाशी माझं भांडण नाही.

असो. निघताना मी त्या फ्लेक्सच्या एका बाजूची सुतळी सोडलीय. होय, मीच. एक कोपरा खाली लोंबतोय, संकासुर पुन्हा दिसतोय आणि वर नेत्यांचा एक कान दुमडलाय. वॉचमनने बघितलं आणि तो चहाला गेला. संध्याकाळपर्यंत परत बांधला असेल.

मास्तर माझ्या लिस्टमध्ये नाहीत. कोणाकडे नंबर असेल तर एवढं कळवा, बांगड्याला ठिपके राहिलेत. नक्की कुठे काढायचे ते म्हातारीला विचारा, रिपोर्ट उद्या आहे, तोवर ती तिथेच बसलेली असेल.