‘तिकडे काहीही बोलतात’

विनोदकारावर गुन्हा दाखल झाला की भारतातल्या वादात अमेरिकेचा दाखला हमखास निघतो: तिकडे बघा, काहीही बोलतात! पुरावा म्हणून ट्रेव्हर नोआसारख्या विनोदकाराची, नाव होण्याआधीची एखादी जुनी क्लिप फिरते. ती क्लिप शिजते कशी, हे मात्र कुणी विचारत नाही.

नोआ ६ जानेवारी २०१२ला अमेरिकी सूत्रसंचालक जे लेनोच्या ‘द टुनाइट शो’ या गप्पांच्या कार्यक्रमात आला, तो तिथे स्टँड-अप करणारा पहिला दक्षिण आफ्रिकी विनोदकार. अशा नवख्याला जेमतेम पाच मिनिटं मिळतात आणि त्यातला प्रत्येक विनोद निर्मात्यांनी आधी ऐकून ठेवलेला असतो. सोफ्यावरच्या गप्पाही तशाच. सेगमेंट प्रोड्यूसर, म्हणजे तेवढ्या भागाची तयारी करणारा निर्माता, आधी फोनवर पाहुण्याशी बोलतो, तीन-चार किस्से निवडतो आणि त्यांच्याकडे नेणारे प्रश्न सूत्रसंचालकाच्या कार्डांवर उतरवतो. ‘तुमच्या आईबद्दल ऐकलंय...’ हा सहज विचारलेला प्रश्न म्हणजे ठरवून टाकलेला फुलटॉस!

परदेशी पाहुण्याचं बिघडतं ते पार्श्वभूमी सांगण्यात. नोआची आई कृष्णवर्णीय खोसा समाजातली, वडील गोरे स्विस. १९८४मध्ये तो जन्मला तेव्हा तिथल्या वर्णभेदी कायद्याने त्यांचे संबंध हाच गुन्हा होता. एवढं दोन वाक्यांत बसवता आलं नाही, तर हशा येण्याआधी वेळ संपते. सूत्रसंचालक पंचलाइनच्या आधीच बोलला तरी विनोद मेलाच.

आणि कात्री अमेरिकेतही चालते. १ ऑक्टोबर १९९३ला सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात चित्रित झालेला विनोदकार बिल हिक्सचा सेट प्रसारणाआधी अख्खा वगळला गेला. २००९मध्ये लेटरमनने हिक्सच्या आईची माफी मागून तो दाखवला. हिक्स तोवर हयात नव्हता. सप्टेंबर २०२५मध्ये तर प्रसारण नियामकाच्या अध्यक्षांनी दम भरल्यावर सूत्रसंचालक जिमी किमेलचा कार्यक्रम काही दिवस बंदच पडला. तेव्हा अमेरिकेचे गोडवे जरा जपून गावेत.

तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे. विनोदकार मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ला इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत महिनाभर तो तुरुंगात होता. मार्च २०२५मध्ये विनोदकार कुणाल कामराच्या एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथकही तिथेच पोचलं. एवढं झाल्यावर आपल्या वाहिन्या विनोदकाराला विचारतात, ‘यावर विनोद करायची गरज होती का?’ मग तो विनोद समजावून सांगतो आणि समजावलेला विनोद कबुलीजबाबासारखा ऐकू येतो.

जुनं उकरणं अमेरिकेतही होतंच. मार्च २०१५मध्ये ‘द डेली शो’ या तिथल्या विनोदी वृत्त-कार्यक्रमाचा सूत्रसंचालक म्हणून नोआचं नाव जाहीर होताच ज्यू आणि स्त्रियांवरचे त्याचे जुने ट्वीट बाहेर आले. टीका सडकून झाली, पण वाहिनी त्याच्या पाठीशी राहिली आणि २८ सप्टेंबरला त्याचा पहिला भाग ठरल्याप्रमाणे प्रसारित झाला.